चाहूल आणि साक्ष

आमच्या लहानपणी उरूस भरला की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात तंबूतला सिनेमा यायचा. जमिनीवर बसायचे, मागे जनरेटरची धडधड, मधूनच तुटणारी रीळ आणि त्यावर लोकांच्या शिट्ट्या. एका वर्षी 'बीस साल बाद' लागला होता. रात्रीचा वाडा, दलदल आणि कुठून तरी येणारा बाईचा आवाज. आम्ही भावंडांनी डोळ्यांवर हात ठेवले, पण भीती काही कमी होईना. उलट वाढली. शेजारी बसलेले आमचे थोरले मामू हसले आणि म्हणाले, "आंखां काय को झांकते रे, कानां झांको!" आम्ही कान झाकले आणि डोळे उघडले. पडद्यावर तोच वाडा होता, तीच दलदल होती. पण आता ती साधी चित्रे झाली होती. भीती पळाली होती.

मामूंनी सिनेमाचे शास्त्र कुठे वाचलेले नव्हते. तरीही रहस्यपटाचे अर्धे मर्म त्यांनी त्या एका वाक्यात सांगून टाकले. उरलेले अर्धे समजायला आम्हाला पुढची बरीच वर्षे लागली. त्याच्याविषयीच इथे थोडे लिहायचे आहे.

मराठीत एक फार नेमका शब्द आहे, 'चाहूल'. आमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या उर्दूत आणि दखनीत तिला 'आहट' म्हणतात. चाहूल म्हणजे नुसता आवाज नव्हे. कोणीतरी येत आहे, पण अजून दिसलेले नाही, एवढेच सांगणारा तो आवाज. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. डोळा फक्त समोरचे पाहतो, कान मात्र पाठीमागचे, भिंतीपलीकडचे आणि अंधारातलेही ऐकतो. म्हणून झोपेतसुद्धा आपण आवाजाने जागे होतो. थरारपटाचा सगळा व्यवहार या चाहुलीवर चालतो.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत दचकणे आणि धास्तावणे यांतला फरक समजावून सांगितला होता. दोन माणसे टेबलाशी गप्पा मारीत बसली आहेत आणि एकाएकी बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे त्याला आधी कळले असेल, तर त्याच निरर्थक गप्पा तो जीव मुठीत धरून ऐकतो. आवाजालाही हेच लागू आहे. अचानक झालेला धमाका दचकवतो. चाहूल मात्र थांबायला लावते, आणि या थांबण्यातच रहस्यपटाचा जीव असतो.

शांतता सापडली तेव्हा

मूकपट मुके होते, पण थिएटर मुके नव्हते. पडद्याखाली कुठे पियानो, तर आपल्याकडे पेटी-तबला चालू असे. ते संगीत बहुतेक सगळा वेळ चाले, त्यामुळे खरी शांतता तिथे नव्हतीच. बोलपट आल्यावर सिनेमाला आवाज मिळाला असे आपण म्हणतो, पण सोबतच त्याला शांतताही मिळाली. आवाज आता हवा तेव्हा सुरू करता येत होता आणि हवा तेव्हा तोडताही येत होता.

ही शांतता मिळवणे सोपे नव्हते. आर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकला. त्याचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दिवसा गाड्यांच्या खडखडाटात ध्वनिमुद्रण अशक्य, म्हणून गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतर काम चाले. मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवून ठेवावे लागत. हिंदुस्थानी बोलपट असा रात्रीच्या निःशब्दतेत जन्मला.

तिकडे इंग्लंडमध्ये हिचकॉक यांचा 'ब्लॅकमेल' दोन वर्षे आधी, १९२९ मध्ये, येऊन गेला होता. सुरुवातीला तो मूकपट म्हणूनच चित्रित होत होता. मध्येच ध्वनीची सोय झाली. नायिका ॲनी ओंद्रा हिच्या बोलण्यात परकी ढब होती. मागाहून आवाज भरण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून कॅमेऱ्याबाहेर उभी राहून जोन बॅरी ही नटी संवाद म्हणे आणि ओंद्रा ओठ हलवी. अशा कच्च्या साधनांतून एक प्रसंग निघाला, जो आजही शिकवला जातो. नायिकेच्या हातून रात्री सुरीने एक खून झाला आहे. सकाळी ती घरी न्याहारीला बसली आहे आणि एक बडबडी शेजारीण त्याच खुनाविषयी तोंड न मिटता बोलते आहे. हळूहळू तिचे शब्द अस्पष्ट होत जातात, नुसती गुणगुण उरते. तिच्यातून एकच शब्द पुन्हा पुन्हा लख्ख ऐकू येतो, 'सुरी'. वडील पाव कापायला सांगतात, ती सुरी उचलते, शेवटचा 'सुरी' जोराने कानावर आदळतो आणि तिच्या हातून सुरी उडते.

इथे आवाज खोलीतला नाही, तो नायिकेच्या मनातला आहे. शेजारीण तर नेहमीच्याच आवाजात बोलते आहे, पण अपराधी कानाला एकच शब्द ऐकू येतो. माणूस कानाने ऐकतो खरा, पण काय ऐकायचे ते त्याचे मन ठरवते. ही गोष्ट सिनेमाने बोलायला शिकल्या शिकल्याच ओळखली.

आंधळ्याची साक्ष

'आलम आरा' नंतर दोन महिन्यांनी, ११ मे १९३१ रोजी, बर्लिनमध्ये फ्रित्झ लांग यांचा 'एम' प्रदर्शित झाला. शहरात लहान मुलींचे खून होत आहेत. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. सुरुवातीला एक आई जेवणाचे ताट मांडून मुलीची वाट पाहते आहे. ती जिन्यात येऊन हाक मारते, "एल्सी!" पडद्यावर दिसतो रिकामा जिना. पुन्हा हाक येते आणि दिसतो रिकामा माळा. मग रिकामे ताट. नंतर हाकही नाही, फक्त गवतातून घरंगळत येणारा मुलीचा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेला नाही, किंकाळीही ऐकवलेली नाही. हाकेला ओ न येणे, एवढ्यानेच काळजाचे पाणी होते.

खुन्याची ओळख त्याच्या शिट्टीने होते. ग्रीग या नॉर्वेजियन संगीतकाराची एक धून तो वाजवतो. नट पीटर लोरे यांना शिट्टी वाजवता येत नव्हती, म्हणून दिग्दर्शक लांग यांनीच ती वाजवली, असे सांगितले जाते. पुढे माणूस दिसण्याआधीच शिट्टी ऐकू येते आणि आपण समजतो की तो जवळपास आहे. त्याला शेवटी ओळखतो तो पोलीस नव्हे, तर फुगे विकणारा एक आंधळा. एल्सी गेली त्या दिवशी त्याने हीच धून ऐकलेली असते. साऱ्या शहराच्या डोळ्यांना जे जमले नाही, ते एका आंधळ्याच्या कानाने केले.

पण लांग एवढ्यावर थांबत नाहीत. याच चित्रपटात आणखी एक छोटा प्रसंग आहे. रस्त्यावर एक लहान मुलगी एका निरुपद्रवी म्हाताऱ्याला वेळ विचारते. कोणीतरी संशयाने त्याला हटकतो. आवाज चढतात, माणसे जमतात आणि पाहता पाहता घोळका त्या बापड्यावर तुटून पडतो. आंधळ्याचा कान खरा ठरला, कारण त्याने प्रत्यक्ष ऐकलेली धून लक्षात ठेवली होती. गर्दीचा कान खोटा ठरला, कारण तिने फक्त शेजाऱ्याची ओरड ऐकली होती. पहिल्याची साक्ष, दुसऱ्याची अफवा. मराठीत ज्याला 'हलक्या कानाचा' म्हणतात, तो माणूस इथे घोळक्याच्या रूपाने उभा आहे. आमच्या मते आवाजाच्या साऱ्या इतिहासाचे बीज या दोन प्रसंगांत आहे.

संगीत काढून घेतले तर

पार्श्वसंगीताशिवाय चित्रपट उभा राहू शकतो हे महाराष्ट्रानेही लवकर दाखवले. व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' १९३७ मध्ये पुण्याच्या प्रभात स्टुडिओत तयार झाला. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट रहस्यपट नव्हे. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेल्या तरुणीची ती कथा. पण त्यात पार्श्वसंगीत न वापरता घरातल्या आणि रस्त्यावरच्या नैसर्गिक आवाजांवर काम भागवले आहे. त्या घरातले जुने घड्याळ नुसती वेळ सांगत नाही. कोंडलेल्या मुलीचा एकेक क्षण ते मोजते. पुढे अनेक रहस्यपटांनी घड्याळाच्या ठोक्यांचा जो उपयोग केला, त्याचे एक मूळ आपल्या पुण्यात सापडते.

अमेरिकेत १९४२ साली निघालेल्या 'कॅट पीपल' या कमी खर्चाच्या चित्रपटाने पावलांच्या आवाजाची किमया दाखवली. निर्माते व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांच्याकडे अक्राळविक्राळ प्राणी दाखवण्याइतका पैसा नव्हता. रात्री उद्यानाकडेच्या रस्त्याने एक बाई चालली आहे, मागे दुसरी. दोघींच्या टाचांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात. मग मागच्या टाचांचा आवाज थांबतो. संगीत नाही, शब्द नाही. पुढची बाई घाबरून पावले उचलते, वळून पाहते, मागे कोणी नाही. आता श्वापद झेप घेणार असे वाटते तोच फस्सकन आवाज होतो आणि चौकटीत येते ती बस! ब्रेकच्या हवेचा तो आवाज श्वापदाच्या फुत्कारासारखाच आहे. सिनेमाच्या परिभाषेत अशा फसव्या दचक्याला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की भीती बसच्या आवाजाने निर्माण झालेली नाही. मागच्या टाचा वाजायच्या थांबल्या तेव्हाच ती झाली होती. आवाज असण्यापेक्षा चालू असलेला आवाज नसणे अधिक भयंकर असते. रातकिडे एकदम गप्प झाले की खेड्यातला माणूस कान टवकारतो, तसेच हे.

गाणे हीच आहट

हिंदी चित्रपटाने मात्र स्वतःची वेगळी वाट काढली. आपल्याकडे भीतीचे काम गाण्याने केले. १९४९ साली बॉम्बे टॉकीजचा 'महल' आला. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीतकार खेमचंद प्रकाश, नायक अशोककुमार, नायिका मधुबाला. जुन्या हवेलीत नायकाला रात्री एका बाईचे गाणे ऐकू येते. ते सुरू होते तेव्हा ती फार लांब आहे असे वाटते. नंतर आवाज जवळ येत जातो. ध्वनीची आजच्यासारखी यंत्रे तेव्हा नव्हती. लता मंगेशकर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, मायक्रोफोन मध्यभागी ठेवला होता आणि खोलीच्या कोपऱ्यापासून एकेक पाऊल टाकीत, गात गात त्यांनी त्याच्याकडे यायचे होते. अंतर यंत्राने नव्हे, तर पायांनी निर्माण केले गेले. ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नावही नव्हते. तिथे छापले होते चित्रपटातल्या पात्राचे नाव, कामिनी. म्हणजे ऐकणाऱ्यालाही आवाज कोणाचा ते ठाऊक नव्हते.

या गाण्याने एक वहिवाटच पाडली. 'बीस साल बाद' (१९६२) मध्ये हेमंतकुमार यांनी, 'वो कौन थी?' (१९६४) मध्ये मदनमोहन यांनी हेच साधन वापरले. मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४ मध्ये आला. त्यातली गाण्याची सय इतकी परिणामकारक होती की राज खोसला यांनी १९६६ मध्ये त्यावरून 'मेरा साया' काढला. युरोपीय रहस्यपटात जे काम शिट्टी आणि पावले करीत होती, ते आपल्याकडे बाईच्या गळ्याने केले. आपला प्रेक्षक गाण्यावर जीव टाकणारा. त्याला ज्याची ओढ, त्यातूनच त्याला घाबरवायचे, ही युक्ती मोठी नामी होती. भीती वाटते, पण कान झाकावेसे वाटत नाहीत.

आणि या चित्रपटांतली गंमत अशी की 'महल'मध्ये गाणारी ती आत्मा नसते. ती हवेलीच्या माळ्याची जिवंत, हाडामांसाची मुलगी असते. नायकाने आवाज ऐकला, त्यावरून एक कहाणी रचली आणि त्या कहाणीपायी स्वतःच्या संसाराची राख केली. 'वो कौन थी?'मधले भूतही माणसाने रचलेले कारस्थान निघते. कानाने दिलेली खबर खरी होती, कोणीतरी गात होते. कानाने काढलेला अर्थ मात्र खोटा होता. आमच्या घरच्या भाषेत सांगायचे तर शकाला यकीन समजण्याची ही चूक.

तारा, पाखरे आणि झोपाळा

१९६० साली हिचकॉक यांचा 'सायको' आला. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असे त्यांचे आधी मत होते. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही संगीत रचले. ते ऐकल्यावर हिचकॉक यांनी मत बदलले. हरमन यांनी संपूर्ण चित्रपटासाठी फक्त तंतुवाद्ये वापरली, ढोल नाही की तुतारी नाही. व्हायोलिनच्या वरच्या पट्टीतले ते कर्कश फटकारे कधी पक्ष्याच्या चीत्कारासारखे वाटतात, कधी माणसाच्या किंकाळीसारखे. सुरीच्या वारांचा आवाज खरबुजाच्या जातीच्या फळात सुरी खुपसून मिळवला होता. खून होण्यापूर्वी बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज आहे. सगळे संपल्यावर पुन्हा पाणीच वाहताना ऐकू येते. ते तेच पाणी असते, पण आता ते ऐकवत नाही.

तीन वर्षांनी 'द बर्ड्स' मध्ये त्यांनी नेमके उलट केले. पार्श्वसंगीत काढूनच टाकले. पाखरांचे आवाज बर्लिनमध्ये ओस्कार झाला यांनी त्राउटोनियम या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर घडवले. एका प्रसंगात शाळेबाहेर नायिका बाकावर बसली आहे आणि आत मुले एकसुरी गाणे म्हणताहेत. तिच्या पाठीमागे खेळाच्या लोखंडी सांगाड्यावर एक कावळा येऊन बसतो, मग आणखी काही. शेवटी पाहावे तो सांगाडा काळा झालेला. पाखरे गप्प आहेत. मुलांचे गाणे निरागस आहे. तेच गाणे संपू नये असे आपल्याला वाटू लागते, कारण ते संपले की मुले बाहेर येणार.

आपल्याकडे त्याच सुमारास बी. आर. चोप्रा यांनी 'कानून' (१९६०) आणि त्यांचे बंधू यश चोप्रा यांनी 'इत्तेफाक' (१९६९) हे गाण्यांशिवायचे चित्रपट काढले. गाण्यांच्या देशात गाणे वगळायचे हे मोठे धाडस होते. दोन्हींचे पार्श्वसंगीत सलील चौधरी यांचे. बहुतांश एकाच घरात आणि एकाच रात्रीत घडणाऱ्या 'इत्तेफाक'ला ध्वनीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले ते एम. ए. शेख यांना. पडद्यामागे राहणाऱ्या अशा माणसांची नावे आपल्याला माहीत नसतात. मुंबईत राजकमल कलामंदिरात काम करणारे मंगेश देसाई हेही असेच. संवाद, संगीत आणि आवाज यांचे अंतिम मिश्रण करण्यात त्यांचा हातखंडा होता.

त्यांच्या हाताखालून गेलेला 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी आला. तो रहस्यपट नव्हे, पण त्यातली दहशत कानांनी अनुभवायची आहे. गब्बर सिंगचा चेहरा दिसण्याआधी खडकावर त्याचे बूट वाजतात आणि पट्टा फरफटत जातो. हरून आलेल्या तीन साथीदारांसमोर तो पिस्तुलाचे चाक फिरवून घोडा ओढतो. तीन वेळा गोळी सुटत नाही. मग तो हसतो, तिघे हसतात, सगळा अड्डा हसतो आणि त्या हास्यातूनच तीन गोळ्या. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडात झोपाळा कुरकुरत राहतो. सगळ्यात शेवटी लहान मुलावर पिस्तूल रोखले जाते, आणि गोळीच्या जागी आपल्याला ऐकू येतो आगगाडीचा आवाज. मुलाचा मृत्यू ना दाखवला, ना ऐकवला. तरीही तो प्रसंग पाहिलेल्या कोणालाही झोपाळ्याची ती कुरकुर विसरता आलेली नाही.

शहाण्या कानाची चूक

याच काळात अमेरिकेत दोन चित्रपटांनी आवाजाच्या इमानदारीचा प्रश्न पुढे आणला. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या 'जॉज' (१९७५) मधला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडे. मग शार्कच्या जागी जॉन विल्यम्स यांचे संगीत आले. शेजारशेजारचे दोन खर्जातले सूर, आधी सावकाश, मग जलद. सूर वाजले की शार्क आहे, हे प्रेक्षक शिकला. पुढे दोन पोरे पुठ्ठ्याचे शार्कचे पाते पाण्यात फिरवून किनाऱ्यावर पळापळ घडवतात, तेव्हा संगीत वाजत नाही! नीट कान देणाऱ्या प्रेक्षकाला कळते की हा शार्क खोटा आहे. नंतर एकदा खरा शार्क संगीताशिवायच एकदम वर येतो आणि कानावर विसंबलेला प्रेक्षक हादरतो. आधी दिग्दर्शकाने कानाशी करार केला आणि मग त्या करारावर फार विसंबू नका हेही शिकवले.

फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४) याच्याही पुढे जातो. कान महोत्सवाचे त्या वर्षीचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. ध्वनीचे काम वॉल्टर मर्च यांचे. नायक हॅरी कॉल लोकांची बोलणी चोरून ध्वनिमुद्रित करण्यात देशभर नावाजलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गजबजलेल्या चौकात फिरणाऱ्या एका जोडप्याचे बोलणे तो टिपतो. गोंगाट गाळता गाळता एक वाक्य हाती लागते. त्याला संधी मिळाली तर तो आपल्याला ठार करील, अशा अर्थाचे. हॅरीला वाटते, या बिचाऱ्यांच्या जिवाला धोका आहे. तो तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकतो, आपणही ऐकतो. शेवटी कळते की बळी ते जोडपे नव्हतेच, तेच मारेकरी होते. वाक्यातला जोर 'ठार' या शब्दावर नव्हता, 'आपल्याला' यावर होता. तो आपल्याला मारील, म्हणून आपणच आधी. शब्द तेच, हेल वेगळा. देशातला सर्वांत तरबेज कान शब्द अचूक टिपू शकला, पण नियत ओळखू शकला नाही.

हा चित्रपट आम्ही प्रथम पाहिला तेव्हा कितीतरी वेळ कोणी बोलले नाही. 'एम' मधला आंधळा आणि हॅरी कॉल यांच्यात ४३ वर्षांचे अंतर. आंधळ्याने ऐकले आणि ओळखले, हॅरीने ऐकले आणि गृहीत धरले.

दार वाजते तेव्हा

यानंतर यंत्रे बदलली. आवाज आता प्रेक्षकाच्या चारी बाजूंनी येतो. मात्र उत्तम रहस्यपट अजूनही जुन्याच पुंजीवर चालतात. कोएन बंधूंच्या 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) मध्ये संगीत जवळजवळ नाहीच. हॉटेलच्या खोलीत लपलेला माणूस खाली फोन लावतो. घंटा वाजत राहते, उचलायला कोणी नाही. मग बाहेर पावले वाजतात. दाराच्या फटीतला उजेड जातो. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आपल्याकडे राम गोपाल वर्मा यांच्या 'कौन?' (१९९९) मध्ये तीनच पात्रे आहेत, गाणे एकही नाही. पावसाळी वातावरण, मोठ्या घरात एकटी तरुणी, शहरात खुनी मोकाट असल्याची बातमी आणि दाराची घंटा. बाहेर उभा असलेला अनोळखी माणूस आत येऊ पाहतो. घंटा वाजली की आपण तिच्यासाठी घाबरतो. शेवटी उलगडा होतो की धोका दाराबाहेर नव्हताच. दीड तास आपण चुकीच्या माणसाला घाबरत होतो, आणि तेही फक्त त्याने घंटा वाजवली म्हणून.

'कौन?' आपली चूक आपल्या पदरात घालतो, म्हणून तो इमानदार. सगळे चित्रपट असे नसतात. कित्येक थरारपटांत एखादी गल्ली पडद्यावर येते. तिथे काहीच घडत नसते. पोरे खेळत असतात, कोणी चहा पीत असतो, कोणी दुकानाचे शटर वर करीत असतो. पण चित्राखाली खर्जातला एक लांब, ओढलेला सूर सुरू होतो आणि प्रेक्षक आसनावर सावरून बसतो. त्या गल्लीतल्या बोलीला, पेहरावाला आणि माणसांना त्याने शिक्षा सुनावलेली असते. पुरावा काय, तर एक सूर. तशाच गल्ल्यांत वाढलेल्या आम्हाला तो सूर आता ओळखीचा झाला आहे. आम्हीही तिकीट काढून बसलेले असतो आणि खोटे कशाला सांगावे, क्षणभर आम्हीही सावरून बसतो. आपल्याच गल्लीला घाबरायला लावण्याची ताकद आवाजात आहे.

याचा अर्थ रहस्यपट पाहू नयेत असा नाही. आम्ही पाहतोच आणि पाहत राहू. ज्या प्रभात स्टुडिओत 'कुंकू'चे घड्याळ वाजले, त्याच आवारात १९६० मध्ये चित्रपटाची सरकारी शिक्षणसंस्था सुरू झाली. तिथे ध्वनिशास्त्र शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ मध्ये ऑस्कर मिळाले. आवाजाचे हे ज्ञान आपल्या घरापर्यंत आले आहे. ते फक्त करणाऱ्यांपाशी राहू नये, ऐकणाऱ्यांनाही थोडे यावे, एवढेच आमचे म्हणणे.

मागच्या उन्हाळ्यात घरातली पोरे टीव्हीवर एक थरारपट पाहत होती. सगळ्यात धाकटीने डोळे झाकले होते. मामूंची आठवण झाली. आम्ही काही न बोलता रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. तिने हळूच बोटांच्या फटीतून पाहिले. पडद्यावर एक माणूस नुसता जिना चढत होता. ती म्हणाली, "नाना, हा तर साधाच माणूस आहे. मग मघाशी वाईट का वाटत होता?"

आम्ही आवाज पुन्हा लावला आणि तिला म्हणालो, "आता कान न झाकता ऐक."